अंकीय दोलक : आकडा अचूक, पण घड्याळाचे काय?

३० जुलै २०१२ रोजी पहाटे देशाचे उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य ग्रिडही बंद पडले. दोन्ही दिवशी घटनांची साखळी बिना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीपासून सुरू झाली. अशा प्रसंगी वाहिन्या एकामागून एक तुटतात त्या काही सेकंदांच्या आत. कोणती आधी तुटली आणि कोणती नंतर, हे ठरवायचे तर शेकडो किलोमीटर दूरच्या उपकेंद्रांतील घड्याळे एकाच वेळेवर चालत असावी लागतात. भारतीय ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने विद्युत्‌दाबाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. दोन ठिकाणच्या घड्याळांत एका मिलिसेकंदाचा फरक असला, तर दाबाच्या कलेत, म्हणजेच फेजमध्ये, १८ अंशांची चूक शिरते. फरक एका मायक्रोसेकंदावर आणला, तर ती ०.०१८ अंश इतकीच उरते.

कला मोजणारी आधुनिक उपकरणे येणाऱ्या विद्युत्‌दाबाची तुलना आपल्याजवळच्या ५० हर्ट्झच्या आदर्श तरंगाशी करतात. हा आदर्श तरंग निर्माण करणारी रचना म्हणजे अंकीय दोलक. रेडिओ संच, मोबाइलचे मनोरे, रडार आणि उपग्रह-संदेशग्राही यांतही तीच रचना असते. पूर्वी हे काम वेटोळे आणि धारित्र यांची मंडले करीत. मात्र तापमान बदलले की त्यांची मूल्ये बदलत आणि तरंगही ढळे. १९७१ मध्ये टिअर्नी, रेडर आणि गोल्ड या अमेरिकी संशोधकांनी अंकीय पद्धतीने वारंवारता निर्माण करण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. आज वापरात असलेल्या बहुतेक रचनांचा आराखडा त्यात सापडतो.

बेरजेतून तरंग

या दोलकाच्या मुळाशी एक साधी बेरीज आहे. एक नोंदवही घ्यावी आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यातील आकड्यात एक ठरावीक पाऊल मिळवावे. नोंदवही भरली की ती ओसंडते आणि उरलेल्या आकड्यापासून पुन्हा मोजणी सुरू होते. एकदा ओसंडणे म्हणजे तरंगाचे एक आवर्तन. पाऊल मोठे केले की आवर्तने लवकर होतात, लहान केले की सावकाश. या नोंदवहीला कला-संचायक म्हणतात. वारंवारता बदलण्यासाठी कोणताही भाग फिरवावा लागत नाही. पावलाचा आकडा बदलला की पुरते, आणि तरंग मध्येच तुटतही नाही.

प्रश्न येतो तो नोंदवहीच्या रुंदीचा. ठोके सेकंदाला १० कोटी आणि संचायक ३२ बिटांचा असेल, तर त्यात ४,२९,४९,६७,२९६ पायऱ्या मावतात. पावलातील एका एककाने वारंवारता ०.०२३३ हर्ट्झने बदलते. हे पुरेसे सूक्ष्म वाटते; परंतु याच मंडलाकडून नेमके ५० हर्ट्झ मागून पाहावे. पाऊल २,१४७ ठेवले तर ४९.९८८७ हर्ट्झ मिळतात, २,१४८ ठेवले तर ५०.०१२०. मधला आकडा नाही. पहिला पर्याय निवडला तरी आदर्श तरंग सेकंदाला चार अंशांनी मागे पडतो आणि दीड मिनिटाच्या आतच एक पूर्ण आवर्तन चुकते. संचायक ४८ बिटांचा केला, तर तेवढीच चूक साठायला ९० दिवसांहून अधिक काळ लागतो. जादा १६ बिटांची किंमत आजच्या चिपमध्ये नगण्य आहे, आणि म्हणूनच येथे काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

संचायक कोन देतो. त्याची ज्या काढण्याचे काम वेगळे. सर्वात सरळ उपाय म्हणजे चिपच्या स्मृतीत ज्यांचे कोष्टक ठेवणे. संपूर्ण वर्तुळासाठी ४,०९६ नोंदी लागत असतील, तर चारही चतुर्थांश सममित असल्याने १,०२४ नोंदींत भागते. कोनाचे खालचे बिट मात्र कोष्टकापर्यंत पोहोचत नाहीत. ते सोडून दिल्याने होणारी चूक ठरावीक लयीत परत येते आणि मूळ तरंगाशेजारी नको असलेल्या वारंवारता उमटतात. रडारमध्ये अशी खोटी रेषा लक्ष्य म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. कोनात मुद्दाम थोडा यादृच्छिक अंश मिसळला की तिची लय मोडते. बदल्यात सर्वत्र थोडा गोंगाट वाढतो. कोष्टक नको असेल, तर जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये मांडलेली, केवळ स्थलांतर आणि बेरीज यांवर चालणारी कॉर्डिक पद्धत वापरता येते.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो भारतीय वाचकाला ओळखीचा वाटावा. मागच्या दोन ज्यांवरून पुढची ज्या काढता येते, कारण लगतच्या ज्यांमधील फरक ज्या प्रमाणात घटतो ते प्रमाण ज्येवरच अवलंबून असते. आर्यभटीयातील (इ. स. ४९९) २४ ज्यांच्या कोष्टकामागे हेच तत्त्व आहे. या रीतीने चालणाऱ्या दोलकाला प्रत्येक नमुन्यासाठी एक गुणाकार आणि एक वजाबाकी एवढेच लागते. उणीव अशी की पूर्णांकनाच्या चुका साठत जातात आणि तरंगाची उंची हळूहळू बदलते. काही क्षणांच्या सुरांसाठी तो उत्तम. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपकरणासाठी संचायकच बरा.

ठोका कोठून येतो?

वरील सर्व हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की सेकंदाला ठोके नेमके १० कोटीच पडतात. साध्या क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक सहज असते. संचायक ही चूक दुरुस्त करीत नाही; ती त्याच प्रमाणात पुढे पोहोचवतो. ५० हर्ट्झवर ती ०.००१ हर्ट्झ होते आणि १,००० सेकंदांत एक आवर्तन चुकते. ४८ बिटांनी मिळवलेले ९० दिवस १७ मिनिटांवर येतात. आराखडा तयार करताना बिटांचा विचार पुष्कळ होतो, स्फटिकाचा कमी. खरे तर क्रम उलटा हवा.

उपाय म्हणून उपकरण उपग्रहाकडून दर सेकंदाला मिळणाऱ्या स्पंदाशी आपली मोजणी ताडून पाहते आणि चुकीनुसार पावलाचा आकडा दुरुस्त करते. त्या स्पंदामागे उपग्रहातील आणि भूकेंद्रांतील अणुघड्याळे असतात. भारताच्या नाविक प्रणालीतील पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, जुलै २०१३ मध्ये सोडला गेला. त्यातील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७ च्या सुरुवातीस स्पष्ट झाले. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळाविना असा उपग्रह स्थाननिश्चितीसाठी निरुपयोगी ठरतो. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न सुटल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पोहोचला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात विकसित झालेले देशी रुबिडियम घड्याळ प्रथमच बसवले गेले. जमिनीवर भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे.

उपग्रहाचा संदेश खंडित झाला, तर उपकेंद्रातील दोलकाला शेवटच्या दुरुस्त आकड्यावर एकट्याने चालावे लागते. सुरुवातीची चूक शून्य आणि पुढील ढळ स्थिर धरली, तर दुरुस्तीविना साध्या स्फटिकावर मायक्रोसेकंदाची मर्यादा एका सेकंदाच्या विसाव्या भागातच ओलांडली जाते. तापमान स्थिर ठेवलेल्या बंदिस्त पेटीतील स्फटिक एक हजार कोटींत एका भागाइतका अचूक असेल, तर पावणेतीन तास मिळतात. त्याच्या दसपट अचूक रुबिडियम घड्याळावर हाच अवधी २७ तासांहून अधिक होतो. तंत्रज्ञाला दुरुस्तीसाठी दूरच्या उपकेंद्रात पोहोचायला किती वेळ लागेल, यावरून या तिघांतील निवड करावी लागते.