एका प्रश्नावर दिलेले मत : एक अभ्यास

निवडणूक जवळ आली की चावडीवर, एस. टी. स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते. "त्याला काय कळतंय? तो एकाच गोष्टीसाठी मत देतो!" हा 'तो' म्हणजे कधी रस्त्यासाठी अडून बसलेला वाडीवरचा म्हातारा असतो, कधी दारूचे दुकान बंद करील त्यालाच मत देणार म्हणणारी भगिनी असते, तर कधी राखीव जागांच्या प्रश्नावरच उमेदवाराची परीक्षा घेणारा पदवीधर तरुण असतो. बोलणारे बहुधा चार बुके शिकलेले असतात. पक्षाचा जाहीरनामा, अर्थकारण, उमेदवाराचे चारित्र्य अशा दहा बाजू तपासून जो मत देतो तोच सुजाण मतदार, असे ते धरून चालतात. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

1957 सालचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी व गुजराती मुलूख एकत्र करून द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापन झाले. त्याआधीच, 6 फेब्रुवारी 1956 रोजी, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली होती. शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी पक्ष, कम्युनिस्ट पक्ष आणि आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे पक्ष तीत एकत्र आले. एरवी या पक्षांचे एकमेकांशी पटत नव्हते. कम्युनिस्टांशी फेडरेशनचे मतभेद तर सर्वश्रुत होते. खुद्द बाबासाहेबांनी 1955 साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात मुंबई शहराचे वेगळे राज्य आणि मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्ये सुचविली होती. तरीही फेडरेशन समितीत सामील झाले, कारण जनतेपुढचा त्या घडीचा प्रश्न कोणता, हे स्पष्ट झाले होते.

1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील मतदाराने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र या एकाच प्रश्नावर शिक्का मारला. त्या वेळी कोल्हापूर हा लोकसभेचा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि राखीव जागेवर फेडरेशनचे शंकरराव दिगे निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड व कोपरगावहून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. दोन सदस्यांच्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. तेव्हा फेडरेशनच्या उमेदवाराला मत देणाऱ्यांत इतर समाजांचेही असंख्य लोक होते, हे उघड आहे. एरवी ज्यांनी आपल्या पक्षाकडे वळून पाहिले नसते, त्यांना एका प्रश्नाने आपल्या शेजारी आणून उभे केले.

सत्ता मात्र बदलली नाही. विदर्भ व गुजरातच्या बळावर 396 पैकी 234 जागा मिळवून काँग्रेस पक्षच राज्यावर राहिला. मग ती मते वाया गेली का? मुळीच नाही. द्वैभाषिक लोकांना मान्य नाही, हे मतपेटीने सांगितले. ते दिल्लीला ऐकावे लागले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावी. 1962 च्या निवडणुकीत 264 पैकी 215 जागा काँग्रेसला मिळाल्या. प्रश्न सुटल्यावर मतदाराने समितीला दिलेले मत परत घेतले. जो आंधळेपणाने मत देतो तो असा हिशेब करीत नाही. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर विहिरीसाठी दिलेले कर्ज विहिरीसाठीच असते. काम झाले, की खाते बंद. एका प्रश्नावरचे मत हेही असेच एका कामासाठी दिलेले मत होय.

न सुटलेल्या प्रश्नाचा मतदार

पण प्रश्न सुटलाच नाही तर? त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग आपल्या जिल्ह्याच्या शेजारचा. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये अहवाल दिला. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे असे त्याने म्हटले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेथील मराठी मतदारांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्र एकीकरण समितीला मत दिले. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत तर निषेध म्हणून बेळगावात अर्जांचा पाऊस पाडण्यात आला आणि 456 उमेदवार रिंगणात राहिले.

2018 व 2023 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकांत मात्र समितीला एकही जागा मिळाली नाही. या निकालावरून जुन्या मतदाराला हटवादी किंवा नव्या मतदाराला बेइमान म्हणणे, दोन्ही चूक आहे. आजोबांना भाषेचा प्रश्न पहिला वाटला, नातवाला नोकरीचा वाटत असेल. आपला पहिला प्रश्न कोणता, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे मत त्याचाच आहे.

एकच प्रश्न का?

ज्याचे जळते त्याला कळते. ज्याच्या घरी नळ, दारात पक्का रस्ता आणि हाताला कायम नोकरी आहे, त्याला दहा प्रश्न तोलायला सवड असते. आपल्या गगनबावड्याच्या डोंगरात पावसाळ्यात आभाळ फाटते. अशा दिवसांत वाडीवरच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, तर त्या घरापुरता रस्ता हाच सगळा जाहीरनामा असतो. गावातील दारू दुकानाचा निर्णय 'उभी बाटली, आडवी बाटली' अशा मतदानाने करण्याची सोय शासनाने ठेवली. तेथे तर प्रश्नच एक असतो आणि त्यासाठी आयाबहिणी रांगा लावतात. त्यांचे शहाणपण कमी असे कोण म्हणेल?

मताचा हा अधिकार सहज मिळालेला नाही. स्वातंत्र्यापूर्वी मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींवर मताधिकार बेतलेला होता. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. आज राज्यघटनेचे 326 वे कलम तो अधिकार देते आणि त्यात मतदाराच्या ज्ञानाची परीक्षा कोठेही नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 94 वे कलम तर असे सांगते, की आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावरही करता येत नाही. जेथे कायदा मत विचारीत नाही, तेथे आपण मताचे कारण विचारून माणसाला हिणवावे काय?

भिक्खुसंघातही मतदान होते. शलाका वाटून मते घेतली जात आणि विनयपिटकात त्यासाठी गुप्त, कानात सांगून व उघड अशा तीन पद्धती नोंदल्या आहेत. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी संघाच्या या परंपरेचे स्मरण करून दिले होते. मतभेद असणारच हे मानून त्यांची शिस्तशीर मोजणी करणे, हा या परंपरेचा गाभा आहे.

आदराची मर्यादा

आदर म्हणजे होकार नव्हे. एका प्रश्नावर निवडून आलेला उमेदवार बाकीच्या कामांकडे पाठ फिरवू शकतो. प्रश्न जिवंत ठेवण्यातच त्याचा फायदा असेल, तर तो प्रश्न सोडवणारही नाही. शिवाय दुसऱ्या समाजाला खाली दाबणे हाच ज्याचा 'प्रश्न' आहे, त्याच्याशी वाद घातलाच पाहिजे. पैसे किंवा मटण घेऊन दिलेले मत तर प्रश्नावरचे मतच नव्हे, तो सौदा होय. मात्र वाद घालताना माणसाला अडाणी ठरवून सुरुवात केली, की तो ऐकणे थांबवतो. आधी त्याचा प्रश्न समजून घ्यावा आणि मग विचारावे, "दादा, हा उमेदवार हे काम करील कशावरून?" असे विचारल्याने त्याचा मान राहतो आणि विचारही पुढे जातो.

विद्यार्थ्यांनी चर्चा करावी असे प्रश्न

1. 1957 मध्ये सत्ता बदलली नाही, तरी मताचा परिणाम कसा झाला?
2. 1962 चा निकाल मतदाराविषयी काय सांगतो?
3. तुमच्या घरातील प्रत्येकाला त्याचा पहिला प्रश्न विचारा. उत्तरे वेगळी आली, तर त्यांतील कोणते चूक ठरवाल आणि कोणत्या अधिकाराने?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिण्यापूर्वी घरातील सर्वांत कमी शिकलेल्या माणसाजवळ थोडा वेळ बसावे. मताचे मोल एकच असते, त्याचेही आणि आपलेही.