गाजरगवताचा इसब व स्टेरॉइड औषधांचा योग्य उपयोग

पावसाळा सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यातील धुरे, पांदणी, पडीत जमिनी व गावठाणे गाजरगवताने भरून जातात. या तणामुळे कपाशीचे व तुरीचे किती नुकसान होते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहेच. परंतु त्याच्या स्पर्शाने व धुळीने मनुष्याच्या त्वचेस जडणारा इसब पुष्कळदा ओळखला जात नाही. या विकारावर डॉक्टर स्टेरॉइड जातीची औषधे देतात. ती योग्य रीतीने घेतल्यास रोग्यास मोठा आराम मिळतो. मनाने घेत राहिल्यास मात्र एका रोगातून दुसरा रोग उद्भवतो.

रोगाचे कारण

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. आपल्याकडे त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुणे येथे झाली आणि त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचे वर्णनही १९७४ साली पुण्यातील रोग्यांवरूनच प्रसिद्ध झाले. या वनस्पतीत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. काही माणसांचे शरीर त्यास शत्रू समजून प्रतिकार करू लागते. त्यामुळे अनेक वर्षे निर्धास्तपणे निंदण करणाऱ्यासही एखाद्या वर्षी अचानक त्रास सुरू होतो, व एकदा जडलेली ही प्रवृत्ती सहसा जात नाही. पापण्या, कानामागील भाग, हनुवटीखालील मान, कोपराच्या व गुडघ्याच्या खोबणी या ठिकाणी तीव्र खाज सुटते. पुढे कातडी जाड व काळी होऊन तीस भेगा पडतात. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने अंगावर आली तरी विकार बळावतो.

स्टेरॉइड म्हणजे काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारा रस शरीराचा दाह आटोक्यात ठेवतो. त्याच जातीचे कॉर्टिसोन हे औषध सांधेदुखीच्या रोग्यास प्रथम १९४८ साली अमेरिकेत देण्यात आले, व या संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची स्टेरॉइड मलमे व प्रेडनिसोलोनच्या गोळ्या याच कुळातील होत. ही औषधे दाह शमवितात. दाहाचे कारण नाहीसे करीत नाहीत. धुऱ्यावर गवत उभे असेल, तर औषध थांबताच खाज परत येणारच.

औषध घेताना

१. मलम डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस व पातळ लावावे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघालेले मलम दोन तळव्यांएवढ्या त्वचेस पुरते. चेहऱ्यास व पापण्यांस तीव्र मलम लावू नये. त्वचा पातळ होते व डोळ्यांस अपाय होतो.

२. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नयेत, व जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणू नयेत. दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, आणि दबलेला क्षयरोग उफाळून येऊ शकतो.

३. अनेक आठवडे घेतलेल्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. बाहेरून औषध मिळत असल्याने शरीरातील ग्रंथी आपले काम मंदावते. ती पूर्ववत होईतो डॉक्टर मात्रा क्रमाक्रमाने उतरवितात. अन्यथा गळून जाणे, उलट्या, भोवळ असे धोके संभवतात.

४. गोल, कडेने पसरणारा व मध्ये निवळलेला चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. त्यावर स्टेरॉइड लावल्यास खाज कमी वाटते, पण बुरशी आतून पसरते. म्हणून शेजाऱ्यास गुण आलेले मलम आपल्यालाही चालेल असे समजू नये.

मूळ उपाय

गाजरगवताचे एक झाड दहा हजारांहून अधिक बी टाकू शकते. म्हणून ते फुलोऱ्यापूर्वीच मुळासकट उपटावे. ज्यास इसब आहे त्याने हे काम स्वतः करू नये. इतरांनीही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडास रुमाल वापरावा. २०१७ साली जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाल्यापासून संरक्षक कपड्यांचे महत्त्व सर्वांस पटले आहे. तीच काळजी येथेही घ्यावी. कामानंतर साबणाने स्नान करून कपडे वेगळे धुवावेत. या गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात सोडता येतात. त्यांविषयी कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी १६ ते २२ ऑगस्ट या गाजरगवत जागृती सप्ताहात गावकऱ्यांच्या श्रमदानाने शाळा, पाणवठे व पांदणी स्वच्छ कराव्यात. त्याच वेळी, कोण महिनोन्‌महिने खाजेच्या गोळ्या घेत आहे याची आपुलकीने विचारपूस करावी. अशा व्यक्तीस गोळी बंद करण्यास सांगू नये. औषधाच्या वेष्टनासह प्राथमिक आरोग्य केंद्रात, अथवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पाठवावे. औषधाची मात्रा उतरविणे डॉक्टरांचे काम आहे; धुऱ्यावरील गवत काढणे मात्र आपणा सर्वांचे आहे.