धानाची बांधी, हिवतापाचा डास आणि जनुकांचे वाचन

गोंदिया जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा होय. रोवणीनंतर बांधीत जे उथळ पाणी साचून राहते, त्यात धानाबरोबर ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासाच्या अळ्याही वाढतात. भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरविणारा हा प्रमुख डास. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यातील गावांस हिवतापाची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु हा डास म्हणजे एकच जात नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्याच्या ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच जाती आहेत. दिसण्यात त्या अगदी सारख्या. दोन वाणांचे दाणे सारखे दिसावेत, पण एक वाण गादमाशीस बळी पडावा व दुसरा टिकावा, तसाच हा प्रकार आहे. 'बी' जात गुरांचेच रक्त अधिक पिते व आपल्या देशात हिवतापाच्या प्रसारात तिचा भाग अल्प असतो. म्हणून गोठ्यात डास पुष्कळ सापडले, एवढ्यावरून गावाचा धोका ठरत नाही. जात ओळखण्यास जनुकद्रव्यच तपासावे लागते.

हे जनुकद्रव्य चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेले असते. आफ्रिकेतील ॲनॉफिलीस गँबिई या डासाची सुमारे २७ कोटी ८० लक्ष अक्षरे २००२ साली वाचून झाली. २०१५ साली आणखी सोळा ॲनॉफिलीस जातींचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यांत क्युलिसिफेसीसही होता.

या वाचनाचा शेतीशी संबंध तो काय? डासाच्या मज्जातंतूंतील एका जनुकात एकच अक्षर बदलले, तर डीडीटी व पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे एकदमच निष्प्रभ होऊ लागतात. भारतातील क्युलिसिफेसीसमध्ये हा बदल आढळला आहे. मच्छरदाणीस लावलेले डेल्टामेथ्रिन याच वर्गातील, आणि पिकांवर फवारण्यासाठी विकली जाणारी अनेक औषधेही याच वर्गातील. बांधीत पडलेल्या औषधातून ज्या अळ्या वाचतात, त्यांचीच पुढची पिढी घरात शिरते.

शिवाय डेल्टामेथ्रिनने धानावरील तपकिरी तुडतुडे कमी न होता पुढे वाढतात, हा अनुभव जुनाच आहे. धानास खुजेपणाचे विषाणू देणाऱ्या या किडीचा जनुकसंच २०१४ साली वाचला गेला. तो सुमारे ११४ कोटी अक्षरांचा, म्हणजे गँबिई डासाच्या चौपट भरला!

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस सांगावे की, प्रति चूड पाच ते दहा तुडतुडे दिसल्याखेरीज फवारणी करू नये, व पायरेथ्रॉइड औषध टाळावे. बांधीतील पाणी तीन-चार दिवस काढून टाकल्यास तुडतुडे कमी होतात आणि डासांच्या अळ्याही मरतात. रोपे मूळ धरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अळ्या अधिक असतात, तेव्हाही पाणी आलटून पालटून द्यावे. मात्र फुलोऱ्यात पाणी तोडू नये. आणि ज्याच्या बांधीस तलावाचे पाणी पुन्हा मिळण्याची शाश्वती नाही, त्यास हा उपाय सांगूच नये.