थंड हवेची नळी

मोटारीचें इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण सर्वजण म्हणतों. परंतु पेट्रोलाहून कितीतरी अधिक हवा तें गिळीत असतें, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत येते. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. मारुति स्विफ्ट या लहान मोटारीचें उदाहरण घेऊं. २०२४ पर्यंत तिच्यांत असलेल्या चार नळकांड्यांच्या इंजिनांत सर्व नळकांडीं मिळून ११९७ घन सेंटिमीटर हवा मावत असे. क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांस इतकी हवा आंत घ्यावयाची म्हटल्यास, मिनिटास ३००० फेरे करणारें हें इंजिन पूर्ण जोरावर असतां सुमारें १८०० लिटर हवा ओढील.

हवा तापली म्हणजे ती विरळ होते, हें आपण पदार्थविज्ञानाच्या तासास शिकलांच आहां. बाहेर ३० अंश उष्णमान असून बॉनेटखालीं ६० अंश असेल, तर निरपेक्ष मानानें हे आंकडे ३०३ व ३३३ होतात. म्हणजे तितक्याच जागेंत शेंकडा नऊ हवा कमी मावणार. प्राणवायु कमी, म्हणून जाळतां येणारें पेट्रोल कमी, आणि जोरही कमी. बाजारांत मिळणाऱ्या ‘थंड हवेच्या नळी’चें सारें तत्त्व एवढेंच. मूळची हवेची पेटी काढावयाची, तिच्या जागीं गुळगुळीत लांब नळी बसवावयाची, आणि टोंकाचा फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर न्यावयाचा.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक माजी विद्यार्थी मे महिन्यांत अशी नळी घेऊन आला व म्हणाला, “सर, आपण दोघे मिळून बसवूं या.” आम्हांसही हौस होतीच. इंजिन पुरतें थंड होऊं दिलें, बॅटरीची ऋण तार सोडली, क्लॅम्प सैल करून पेटी बाहेर काढली. जुन्या नळींत हवा मापणारें नाजूक यंत्र, म्हणजे सेन्सर, असतो; तो बोट न लावतां नव्या नळींत बसविला. हें काम सावकाशीनें करावें लागतें. फिल्टरला तेल अधिक झालें, तर तें कित्येक गाड्यांतील सेन्सरच्या तारेवर बसून इंजिनाचें गणित बिघडवितें. आणि सांधा किंचित् सैल राहिला, तरी धूळ गाळल्यावांचून थेट नळकांड्यांत शिरते. एका सायंकाळीं काम पुरें झालें. गाडी सुरू करतांच असा कांहीं घरघराट झाला कीं, मुलांनीं टाळ्याच वाजविल्या. हा आवाज जोराचा नव्हे. मूळची पेटी आवाज दाबीत असे, ती गेली इतकेंच.

फिल्टर ठेवण्याची जागा मात्र आम्हीं सुचविली होती. सर्वांत थंड हवा खालीं मिळेल म्हणून तो पुढच्या बंपरच्या आड, जमिनीपासून हातभर उंचीवर बसविला. येथेंच आमची चूक झाली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याचें आम्हांस पाठ होतें. पण मे महिन्याच्या उन्हांत जुलै आठवतो कोणास?

त्याच जुलैंत तो रेल्वेपुलाखालच्या पाण्यांतून गाडी नेत असतां इंजिन एकदम थबकलें. त्यानें घाबरून पुन्हां किल्ली फिरविली, आणि आंतून धातूचा ठणका ऐकूं आला. या इंजिनाच्या एका नळकांड्यांत सुमारें ३०० घन सेंटिमीटर हवा येते आणि दट्ट्या ती दाबून जेमतेम ३० घन सेंटिमीटरच्या जागेंत कोंबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. दोन मोठे चमचे पाणी आंत गेलें, कीं दट्ट्यास पुरतें वर जाण्यास वाव उरत नाहीं, आणि त्यास जोडलेला कनेक्टिंग रॉड वांकतो. त्याचा तसाच वांकला होता. दुरुस्तीचा खर्च त्याच्या वडिलांनीं सोसला. आम्हांस ते एका शब्दानेंही बोलले नाहींत, त्याचेंच आम्हांस अधिक वाईट वाटलें. पाण्यांत गाडी बंद पडली, तर किल्लीस हात न लावतां ती ओढून न्यावी, हें आम्हीं त्यास आधींच सांगावयास हवें होतें.

पुढें जुनी पेटी नीट पाहिली, तेव्हां तिचें तोंड हेडलाइटजवळ, बरेंच उंच, बाहेरची हवा घेण्यासाठींच ठेवलेलें आढळलें. थर्मामीटर लावून पाहिला. चालत्या गाडींत तेथील हवा बाहेरच्या हवेहून दोन-तीन अंशच अधिक उष्ण होती. म्हणजे शेंकडा नऊ नव्हे, शेंकडा एकाच्या आंतबाहेर लाभ! शिवाय गांवांत गाडी हांकतांना हवेची झडप बहुधा अर्धवटच उघडी असते. हवा अधिक हवी असेल, तर पाय थोडा अधिक दाबला कीं काम झालें. थंड हवेचा खरा उपयोग झडप पूर्ण उघडी असतां, शर्यतीच्या मैदानावर.

ती नळी आतां शाळेच्या कार्यशाळेंत खुंटीवर टांगली आहे. दहावीचीं मुलें तिच्या दोन्ही टोंकांस थर्मामीटर धरून वरील गणित दरवर्षीं करून पाहतात.