बालकाची औषधमात्रा आणि मोबाइलमधील संवाद-चौकट

बालरोगचिकित्सेत औषधाची मात्रा बालकाच्या वजनाशी बांधलेली असते. प्रौढ रुग्णाला 'एक गोळी दोन वेळा' एवढे सांगून पुष्कळदा भागते. बालकाच्या बाबतीत मात्र वजन, मिलिग्रॅम, औषधाची संहती आणि मिलिलिटर अशी चार पावले चालल्यावाचून चिठ्ठीवरचा आकडा सिद्ध होत नाही. ही आकडेमोड आपली पिढी मनातल्या मनात करीत आली. आता अनेक तरुण सहकारी ती मोबाइलमधील ॲपवर सोपवितात, आणि काही जण आपल्या दवाखान्यापुरते ॲप तयारही करवून घेतात. असे ॲप आपल्याशी बोलते ते पडद्यावर मध्येच उमटणाऱ्या एका लहान चौकटीतून. संगणकाच्या परिभाषेत तिला 'डायलॉग' म्हणतात. आपण तिला 'संवाद-चौकट' म्हणू. ती कशी रचावी हा वरवर पाहता प्रोग्रॅमरचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि म्हणून आपलाही आहे.

साडेअडतीस गोळ्या

२०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात घडलेली एक घटना या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या २०१५ च्या ग्रंथात ती सविस्तर मांडली आहे. १६ वर्षांच्या, ३८.६ किलो वजनाच्या मुलास कोट्रायमॉक्साझोलची एक गोळी द्यावयाची होती. वजन ४० किलोहून कमी असल्याने तेथील नियमानुसार मात्रा 'प्रतिकिलो मिलिग्रॅम' या एककात नोंदविणे भाग होते. प्रतिकिलो ५ मिलिग्रॅमने हिशेब १९३ मिलिग्रॅमचा आला; गोळी १६० मिलिग्रॅमची असल्याने औषधनिर्मात्याने मात्रा तेवढी करून मागितली. डॉक्टरांनी १६० हा आकडा भरला. पण रकान्यातील एकक 'प्रतिकिलो' हेच राहिले. संगणकाने १६० ला ३८.६ ने गुणले आणि एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या.

संगणक गप्प बसला नव्हता. मात्रा अधिक असल्याची चौकट डॉक्टरांपुढे आली, औषधनिर्मात्यापुढेही आली; दोघांनीही ती बाजूस सारली. कारण तशा चौकटी दिवसभर येतच होत्या, आणि किंचित जादा मात्रेची चौकट व एकोणचाळीसपट मात्रेची चौकट दिसण्यात सारखीच होती. पुढे यंत्रमानवाने गोळ्या बांधल्या, परिचारिकेने त्या दिल्या. मुलास तीव्र झटके आले. सुदैवाने तो वाचला.

ही केवळ एका रुग्णालयाची कथा नव्हे. संगणकीय औषधसूचनांविषयीच्या २००६ मधील एका आढाव्यात डॉक्टरांनी ४९ ते ९६ टक्के सुरक्षा-इशारे डावलल्याचे आढळले होते. शेवटी दिलेला इशारा क्वचितच वाचला जातो. म्हणून चूक झाल्यावर ओरडणारी चौकट करण्यापेक्षा, चूक होऊच नये अशा क्रमाने प्रश्न विचारणारी चौकट करणे श्रेयस्कर.

क्रमाचे महत्त्व

क्रमाने विचारणे आपल्याला नवे नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नव्वदच्या दशकात आखलेली बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची पद्धत हेच शिकविते. दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकात आधी धोक्याची लक्षणे पाहावयाची : बालक पिऊ शकते का, सर्व काही उलटून टाकते का, झटके आले का, सुस्त वा बेशुद्ध आहे का. खोकला, जुलाब, ताप हे त्यानंतर. ॲपमधील चौकटींची मालिका म्हणजे हाच कागदी तक्ता, एका वेळी एक प्रश्न दाखविणारा.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊन अशी मालिका रचून पाहू.

पहिली पायरी वयाची. बालक दोन महिन्यांहून लहान असेल आणि त्यास ताप असेल, तर मात्रेकडे जाणारा मार्ग येथेच बंद व्हावा आणि रुग्णालयात तातडीने तपासणीची सूचना यावी.

दुसरी पायरी धोक्याच्या लक्षणांची. एकही लक्षण 'आहे' असे उत्तर आल्यास मालिका थांबावी. औषधाच्या हिशेबापेक्षा बालकास हलविणे येथे अधिक निकडीचे आहे.

तिसरी पायरी वजनाची. रकान्याशेजारी 'किलो' हा शब्द ठळक असावा आणि एकक बदलण्याची सोयच नसावी. वय आधीच ठाऊक असल्याने एक वर्षाच्या बालकाचे वजन ९.५ ऐवजी ९५ भरले गेले, तर ॲपला ते तत्क्षणी ओळखता येते. अशा वेळी 'पुढे' हे बटण चालूच होऊ नये.

चौथी पायरी संहतीची, आणि सर्वांत जोखमीची. बाजारात पॅरासिटामॉलचे थेंब मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे, तर सिरप ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचे मिळते. १० किलोच्या बालकास प्रतिकिलो १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम द्यावयाचे, तर थेंबांचे १.५, साध्या सिरपचे ६ आणि तीव्र सिरपचे ३ मिलिलिटर होतात. सिरपचा ६ हा आकडा थेंबांच्या बाटलीला लावला, तर बालकाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाते. म्हणून येथे कोणताही पर्याय आधीच निवडलेला नसावा. बाटली हातात घेऊन, लेबल वाचूनच उत्तर द्यावे लागावे.

पाचवी पायरी सारांशाची. वजन, बाटली, मिलिग्रॅम व मिलिलिटर हे सर्व एकत्र दिसावे आणि बटणावर 'ओके' न लिहिता '६ मिलिलिटर लिहा' असे असावे. बटणावरील क्रियापद वाचताना मनुष्य क्षणभर तरी थांबतो.

प्रोग्रॅमरला काय सांगावे

एका चौकटीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी चळत रचू नये. चौकट एकच ठेवून तिच्यातील मजकूर बदलावा आणि कोपऱ्यात '३/५' असा क्रमांक दाखवावा. उत्तरे चौकटीत न साठविता स्वतंत्र जागी साठवावीत, म्हणजे मध्येच दूरध्वनी आला किंवा मोबाइल आडवा झाला तरी ती नाहीशी होत नाहीत. 'मागे' जाता यावे. परंतु मागे जाऊन वजन बदलले, तर त्यावर आधारलेली पुढची मात्रा पुसली जाऊन नव्याने काढली जावी. जुन्या वजनाची मात्रा नव्या वजनाशेजारी दिसणे, यासारखा घातक दोष नाही. फ्लटरसारख्या साधनांत चौकटीबाहेर बोट लागले की ती आपोआप मिटण्याची सोय मुळातच चालू असते. अशा मालिकेत ती आवर्जून बंद करवून घ्यावी.

भाषेकडेही लक्ष हवे. आपण इंदूरकर घरी मराठी बोलतो, पण बाह्यरुग्ण विभागात समोरची माता बहुधा हिंदी बोलते आणि बाटलीवर इंग्रजी असते. मातेस दाखवावयाच्या शेवटच्या चौकटीत 'चम्मच' हा शब्द टाळावा. घरोघरीचे चमचे लहानमोठे असतात. मापाच्या झाकणावरील वा पिचकारीवरील रेघ चित्राने दाखविणे अधिक निर्धोक.

अखेरीस, इशाऱ्याची चौकट कृपणाच्या धनासारखी खर्चावी. जी मात्रा कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, तेथे निव्वळ इशारा न देता मार्गच बंद करावा. मध्यम शंकेच्या ठिकाणी कारण लिहून मगच पुढे जाता यावे. आणि किरकोळ गोष्टीसाठी चौकट उघडूच नये. या तीन प्रकारांची विभागणी प्रोग्रॅमर करू शकत नाही, कारण पॅरासिटामॉलची कोणती मात्रा क्षम्य आणि कोणती घातक हे त्यास ठाऊक नसते. तेव्हा ॲप करवून घेणाऱ्या सहकाऱ्यांनी संगणकाकडे वळण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, प्रत्येक प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठ्या क्रमाने लावून आपल्या परिचारिकेकडून एकदा मात्रा काढवून घ्यावी. ती जेथे अडखळेल किंवा न वाचताच पुढे जाईल, ती चिठ्ठी पुन्हा लिहावी.