इंग्रजी वाक्यांतील शब्दांचें स्थान

इंग्रजी लिहितांना आम्हां विद्यार्थ्यांच्या हातून एक चूक वारंवार घडते : शब्द सारे ठाऊक असतात, तरी अर्थाचा अनर्थ होतो. याचें कारण आम्हीं शोधून पाहिलें.

आपल्या मराठींत ‘मांजरानें उंदीर मारला’ म्हणा किंवा ‘उंदीर मांजरानें मारला’ म्हणा, अर्थ एकच. कारण ‘नें’ हा प्रत्यय कर्ता दाखवितो. परंतु ‘द कॅट किल्ड द रॅट’ या वाक्यांतील दोन नामांची अदलाबदल केली, कीं बिचारें मांजरच उंदराच्या हातून मरतें! इंग्रजीच्या साध्या विधानांत कर्ता क्रियापदाच्या आधीं व कर्म नंतर येतें.

पूर्वीं इंग्रजी नामांनाही विभक्तिप्रत्यय असत. ११ व्या ते १५ व्या शतकांच्या दरम्यान ते बहुतेक झिजून गेले व त्यांचें काम शब्दक्रमाकडे आलें. ‘ही’ आणि ‘हिम्’ या सर्वनामांत ती जुनी खूण अद्याप दिसते.

म्हणून भाषांतर करतांना मराठी शब्दांच्या मागोमाग जाऊं नये. प्रथम क्रियापद शोधावें. ‘हें कोणीं केलें?’ असें विचारून कर्ता त्याच्या आधीं मांडावा, ‘काय?’ असें विचारून कर्म नंतर मांडावें. एवढें पथ्य पाळलें, तर मांजरावर पुनः तसा प्रसंग येणार नाहीं.