उत्तर चुकतं तेव्हा

चि. मीनल,



तिसरीचा वर्ग मिळाला, पण मुलं तोंडच उघडत नाहीत, असं तू लिहिलंस. प्रश्न विचारल्यावर तू किती वेळ थांबतेस, ते एकदा बघ. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणसंशोधकांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीनेक सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तुझ्याकडची निम्मी पोरं घरी वारली बोलतात. त्यांना तर जास्तच वेळ लागणार. उत्तर वारलीत आलं तर आधी ते घे, मग पुस्तकातला शब्द सांग. ‘नीट बोल’ एवढं म्हटलंस तरी ते पोर पुन्हा हात वर करायचं नाही.

आता वह्यांचं. समज, एखाद्या मुलाने लिहिलंय, ५२ वजा २७, उत्तर ३५. तू लाल फुली मारून पुढे जाशील. तसं करू नकोस. त्याला जवळ बसवून विचार, ‘हे ३५ कसे आले, मला सांग बरं.’ तो म्हणेल, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे त्याने लहानातून मोठा जात नाही हे धरून ठेवलंय. दशक सुटा करायचा राहिलाय, इतकंच. मग दहा काड्यांचा एक गठ्ठा त्यालाच सोडू दे. आपल्या चुकीतही बाईंना विचारण्यासारखं काही दिसलं, हे मुलाला कळतं, आणि पुढचं गणित तो आपणहून घेतो.

शाबासकीही जपून दे. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं नंतर सोपी कोडी मागू लागली आणि अवघड कोडं अडलं की लवकर हरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं चिकाटीने झुंजत राहिली. पण नुसतं ‘छान मेहनत’ही पोकळच, काय केलं ते नेमकं सांग. ‘तू काड्या पुन्हा मोजून पाहिल्यास, म्हणून चूक सापडली.’ पालक भेटले की त्यांच्यासमोरही हेच सांग, मूल ऐकत असताना.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा चार वह्या घेऊन ये. बसून बघू.

तुझी,
आत्या